निधनवार्तांच्या रकान्यातली टिकटिक

मित्रांनो, मी साप्ताहिकाच्या जुन्या अंकांचा एक बांधीव खंड आहे, आणि माझ्या पोटात एका जिवंत माणसाच्या मृत्यूची बातमी आहे. वाचून दचकलात ना? मी तर ती बातमी इतकी वर्षं पोटात घेऊन जगतो आहे, तरी अजून ते पान कुणी उलटलं की माझी शिवण थरथरते.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. तिथून चार पानांचं एक साप्ताहिक निघे. प्रत्येक वेळी एक अंक कार्यालयासाठी बाजूला काढत, सुतळीत ओवत आणि जाहिरातींच्या खिडकीजवळच्या खिळ्याला लटकवत. असे सहा वर्षांचे अंक जमले, तेव्हा बांधणीवाल्या म्हाताऱ्याने भजन गुणगुणत मला शिवलं आणि पाठीला जाड कापड चिकटवलं. पण त्याआधीची सहा वर्षं मी त्या खिळ्यावरूनच जग पाहिलं, आणि पाहिलं त्याहून जास्त ऐकलं.

त्या शहरात एक खोड होती. अंक हाती आला की लहानथोर सगळे आधी शेवटचं पान उघडत. तिथे उजव्या बाजूला काळ्या चौकटीत निधनवार्ता असत. कोण गेलं ते बघायचं, आपण अजून आहोत याबद्दल देवाला हात जोडायचे, आणि मग सवडीने पहिल्या पानावरच्या जगाकडे वळायचं. हा रकाना सांभाळणाऱ्या कारकुनाला सगळे चौकटराव म्हणत. त्यांची एक पद्धत होती. लिहून घेतलेला मजकूर ते देणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवत, म्हणजे चूक राहायला नको. रडणाऱ्या माणसाला ते पुन्हा ऐकवणं जड जाई, पण चौकटरावांनी पद्धत सोडली नाही.

एके दिवशी खिडकीशी बाजारपेठेतले घड्याळजी आले. करारी माणूस. भिंग कपाळावर तसंच सरकवलेलं, बोटांना तेलाचा वास. त्यांनी वर मुलाचं पूर्ण नाव घालायला लावलं, खाली दोन ओळी सांगितल्या, आणि चौकटरावांनी त्या वाचून दाखवल्या: "आमचा एकुलता एक मुलगा निवर्तला. भेटीस कुणी येऊ नये."

घड्याळजी म्हणाले, "बरोबर आहे." आणि निघून गेले.

चौकटराव दिवसभर हळहळले. मीही हळहळलो. मित्रांनो, पुढच्या महिन्यात तो मुलगा त्याच खिडकीशी येऊन उभा राहिला, तेव्हा आमची काय अवस्था झाली असेल? चौकटरावांच्या हातून दौत कलंडली.

"अहो, तुमची बातमी तर मी स्वतः लावली," ते कसेबसे म्हणाले. "तुम्ही वारलात."

"हो, वाचलं मी," मुलगा म्हणाला. "पण आता जरा बरं आहे."

हसावं की रडावं, मला कळेना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याने वयाने मोठ्या, एक संसार मोडलेल्या परिचारिकेशी लग्न केलं होतं. घड्याळजींनी आधी दुकानाचं दार बंद केलं, मग घराचं, आणि तेवढ्याने राग निवला नाही म्हणून भर चव्हाट्यावर मुलाला जिवंतपणी मारून टाकलं. मी हादरलो. माणूस रागाच्या भरात 'मेलास माझ्यासाठी' म्हणतो, ते वाऱ्यावर जातं. पण ते शिशाच्या अक्षरांत जुळवून, काळी चौकट घालून, "बरोबर आहे" म्हणून छापायचं? आणि ते वाहायचं कुणी, तर मी!

चौकटराव लाजेने अर्धे झाले होते. पुढच्याच अंकात दुरुस्ती छापतो म्हणाले. मुलगा नको म्हणाला. वडिलांना शहरासमोर खोटं पाडायची त्याची इच्छा नव्हती.

वर्षभराने तो पुन्हा आला, तोंडभर हसत. त्याला मुलगी झाली होती आणि ती बातमी द्यायची होती. चौकटरावांनी आनंदाने जन्मवार्तांचा कागद ओढला. तर हा म्हणतो, निधनवार्तांत छापा.

"वेड लागलंय का तुम्हाला? लोक जोड्याने मारतील मला."

"वडील दुसरं काही वाचत नाहीत हो. पहिल्या पानावर आभाळ कोसळलेलं असो, ते आधी कोण गेलं ते बघतात. आणि मेलेल्या माणसाने बोलायचं तर दुसऱ्या कुठल्या रकान्यात बोलायचं?"

चौकटरावांनी जन्मवार्तांचा कागद परत ठेवला. मग त्यांनी काळ्या चौकटीच्या अगदी तळाशी जागा केली. तिथे बारीक अक्षरांत छापून आलं: 'कळविण्यास आनंद होतो की मला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप.' खाली 'घड्याळजींचा मुलगा', एवढंच. पुढे तळाच्या त्याच जागेत आणखी ओळी येत गेल्या. 'मुलीच्या छातीला कान लावला की आपलं दुकान आठवतं, म्हणून लाडाने तिला टिकटिक म्हणतो.' 'टिकटिकला पहिला दात आला.' 'आम्ही गिरणीमागच्या गल्लीत राहायला आलो. जिन्याचं दार दिवसा उघडं असतं.'

शहर आधी खवळलं, मग सवयीचं झालं, आणि शेवटी वाट पाहू लागलं. मेलेल्याची पोर चालायला लागली का, असं बायका नळावर विचारत. घड्याळजी मात्र अंक घेत, शेवटचं पान वाचत, घडी घालून छातीच्या खिशात ठेवत आणि भिंग डोळ्याला लावत.

सहाव्या वर्षी एका दुपारी ते खिडकीशी आले. खूप वाळले होते. ते काय बोलले हे मी आत्ता सांगत नाही. कथा ज्या क्रमाने उलगडली त्याच क्रमाने ऐकावी, म्हणजे ती चित्तात राहते.

पुढे मला शिवून छापखान्याच्या कपाटात ठेवलं. छापखाना बंद पडला तेव्हा मी सार्वजनिक वाचनालयात आलो. सुरुवातीला माझा थाट होता. अभ्यासक यायचे, हात धुऊन मला उघडायचे, कौतुक करायचे. मग येणं कमी झालं. कसर लागली, ओल आली, पाठीचं कापड सुटलं. नव्या ग्रंथपालांनी मला दाराजवळच्या रद्दीच्या ढिगाशेजारी हलवलं. माणूस वाईट नव्हता, पण जागा कमी आणि जीभ तिखट.

अशात एक बाई येऊ लागल्या. चष्म्याच्या दुकानात काम करायच्या, वय साठीच्या आसपास. त्यांची आई ऐंशी ओलांडून गेली होती आणि आता अंथरूण धरून होती. त्या आईला परगावच्या सासरी जन्मभर एक टोमणा ऐकावा लागला होता, की तुझ्या बापाला ना आगा ना पीछा, कुठून उगवला कोण जाणे. तिच्या वडिलांनी कधी आपल्या माणसांचा विषय काढला नाही. फक्त हे साप्ताहिक ते मरेपर्यंत वाचत. म्हणून आईने लेकीला एकच काम सांगितलं होतं: माझ्या बापाचं या जगात कुणी होतं की नाही, तेवढं बघून ये. ते कळल्याशिवाय मला सुखाने जाता येणार नाही.

बाई सुट्टीच्या दिवशी येत आणि माझे जन्माचे, लग्नाचे रकाने बोट ठेवून वाचत. काहीच मिळत नव्हतं. ग्रंथपाल म्हणायचे, "बाई, आता आमची झुरळंसुद्धा तुम्हाला ओळखतात." मी मात्र तळमळत होतो. चुकीच्या दारावर किती टकटक करताय! पण जन्म शोधायला निधनवार्तांत कोण जाईल?

शेवटी एकदा त्यांना वाटलं, आजोबांचे वडील कधी गेले ते तरी बघावं. त्यांनी काळी चौकट उघडली, आणि समोर आली आजोबांच्याच पूर्ण नावाची निधनवार्ता. अंकाची तारीख त्यांच्या आईच्या जन्माच्या आधीच्या वर्षातली. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. आजोबा आधीच गेले होते, तर मग आई कुणाची? जन्मभर जो माणूस आईला बाप म्हणून माहीत होता, तो होता तरी कोण? पुढचं पान उलटायचं त्यांना भान राहिलं नाही. मला तोंड असतं, तर मी ओरडलो असतो. त्यांनी मला मिटलं आणि भिंतीला धरत निघून गेल्या.

त्या आल्याच नाहीत. मग ग्रंथपालांनी मला दोरीने बांधून ढिगावर चढवलं. रद्दीवाला सोमवारी येणार होता.

शनिवारी दारात एक चाकांची खुर्ची आली. खुर्चीत आई, मागे ढकलणाऱ्या बाई. बाईंनी घरी लपवायचा पुष्कळ प्रयत्न केला होता म्हणे, पण लेकीचं मन आईपासून लपतं थोडंच? म्हातारीची जीभ खणखणीत होती. ग्रंथपालांनी दोरी सोडेपर्यंत तिने त्यांना त्यांच्या पगारापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं विचारून घेतलं.

बाईंनी ते पान दाखवलं. आईने वाचलं. मग ती म्हणाली, "मेलेला माणूस मला खांद्यावर घेऊन फिरायचा होय? पुढचं वाच."

"आई, पुढे काही नाही. नुसती मेलेली माणसं आहेत."

"माझा बाप हा रकाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. वरवर नाही, तळापर्यंत. तूही तळापर्यंत वाच."

बाई पानं उलटू लागल्या. काळ्या चौकटीचा तळ, पुढच्या अंकाचा तळ, त्याच्या पुढच्या. आणि एका जागी त्यांचं बोट थांबलं. मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. दिवस आईच्याच जन्माच्या आठवड्यातला. त्यांनी अडखळत पुढची ओळ वाचली, दुकान आठवतं ती, लाडाच्या नावाची.

म्हातारीने खुर्चीचे हात घट्ट धरले. सगळं घर तिला टिकटिक म्हणायचं. ती आजवर समजत होती, आपण अखंड बोलतो म्हणून.

ग्रंथपाल रजिस्टर सोडून येऊन उभे राहिले होते. त्यांनी स्वतः माझं शेवटचं पान उलटलं. आता ऐका, मित्रांनो, घड्याळजी त्या दुपारी काय बोलले. त्यांनी स्वतःचीच निधनवार्ता सांगितली, वेळ येईल तेव्हा छापा म्हणून. चौकटरावांनी विचारलं, पश्चात कोण? घड्याळजींनी छातीच्या खिशातली अंकाची घडी चाचपली. मग बोलले, आणि चौकटरावांनी पद्धतीप्रमाणे वाचून दाखवलं: "त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगा, सून आणि नात टिकटिक असा परिवार आहे."

"पुन्हा वाचा," घड्याळजी म्हणाले. त्यांनी डोळे मिटून ते पुन्हा ऐकलं.

चौकटरावांनी न राहवून म्हटलं, अहो, मग जाऊन भेटा की. तर ते म्हणाले, "छापून मारलंय त्याला. कुठल्या तोंडाने जाऊ? छापूनच परत घेतो." मित्रांनो, याचा धक्का मला पहिल्या बातमीहून मोठा बसला. गिरणीमागची गल्ली चार वळणांवर होती. पत्ता त्यांच्या खिशात होता. दार दिवसा उघडं होतं. आणि तो माणूस आपल्या मरणाची वाट बघत बसला!

त्याच वर्षी ती वार्ता माझ्या शेवटच्या पानावर छापून आली, आणि आता बाईंनी ती आईला वाचून दाखवली. म्हातारीने ती पुन्हा एकदा वाचायला सांगितली. मग हळू आवाजात म्हणाली, "एकदा बाबा पेपर घेऊन घरी आले आणि जेवलेच नाहीत. मला खांद्यावर घेतलं आणि लांब एका बंद दुकानापाशी नेलं. म्हणाले, दाराला कान लाव. आत टिकटिक चालली होती, खूप घड्याळांची. मला वाटलं, खेळ आहे."

चावी दिलेली घड्याळं मालकाच्या मागेही काही दिवस चालतात, मित्रांनो. त्या पोराने बापाचा तेवढाच आवाज आपल्या लेकीला ऐकवला होता.

म्हातारीने 'नात' या शब्दावर बोट ठेवलं. "म्हणजे आजोबांनी मला परिवारात धरलं होतं," ती म्हणाली.

सोमवारी रद्दीवाला आला आणि माझ्याविना गेला. ग्रंथपालांनी मला कपाटात वरच्या फळीवर ठेवलं आहे, आणि पाठीला नवं कापडही लावणार आहेत. माझं मागणं थोडं आहे. आम्हा जुन्या कागदांना फेकण्याआधी एकदा तळापर्यंत वाचा. आणि तुमचा कुणावर राग असेल, तर दार दिवसा उघडं आहे तोवर चार वळणं चालून जा. देवाने पाय त्यासाठीच दिले आहेत. मी परिवाराची यादी छापू शकतो, मित्रांनो, पण मला कुणाला पोटाशी धरता येत नाही.

त्या शनिवारी निघताना म्हातारीने खुर्ची थांबवायला सांगितली, वाकली, आणि माझ्या त्या पानाला कान लावला.