पाहुणे विसरून गेलेल्या गोळ्या

कुसगावच्या बंगल्यांवर राबणाऱ्यांचा रविवार सोमवारी येतो. पाहुण्यांच्या गाड्या घाट उतरल्या, की गोरख चादरी बदलायचा, फरशी पुसायचा आणि पाहुणे विसरून गेलेलं काहीबाही घरी आणायचा. अनिताला अर्धी उरलेली शाम्पूची बाटली, चार वर्षांच्या प्रेरणाला पोहायचा चष्मा.

म्हणून धुण्याच्या पँटीत चार गोळ्यांची पट्टी सापडली, तेव्हा तीही कुणी विसरलेली असेल असं अनिताच्या मनात यायला हवं होतं. पण त्या गोळीचं नाव जावेनं एकदा खिदळत सांगितलेलं तिला आठवलं. दोन गोळ्यांच्या जागा रिकाम्या होत्या, आणि नवरा तर दोन वर्षं तिच्या जवळ आला नव्हता.

मग कुणासाठी?

तिनं पट्टी परत खिशात ठेवली. विचारलं नाही. तिचं विचारणं सगळं देवाकडे. दर गुरुवारी लोकलनं बेगडेवाडीला उतरून ती रिक्षानं शिरगावच्या साईबाबांना जायची. "बाबा, तिच्या तावडीतून सोडवा त्यांना." त्या 'ती'ला नाव नव्हतं, तोंड नव्हतं, तरी अनिताला ती पक्की ठाऊक होती.

त्यानं एकदा सांगून पाहिलं होतं. "अने, माझंच काय तरी बिगाडलंय गं. जमतच न्हाई." तिनं लेकीला कुशीत ओढून भिंतीकडे तोंड केलं. "जितं जमतं तितंच जावा." त्यानं उशी उचलली. त्यानंतर त्याच्या बंगल्यावर रोजच पाहुणे असायचे, आणि तो बहुतेक रात्री तिकडंच झोपायचा.

यंदाच्या लावणीला खाचरातून वर येताना तो दोनदा बांधावर टेकला, छाती चोळत. "तिकडं दमून आल्यावर घरचं काम व्हईल कसं?" ती सगळ्यांदेखत बोलली. शेजारची सरूबाई पदर तोंडाला लावून हसली. गोरखही हसला. त्याचं ते हसू नंतर अनिताच्या डोळ्यांपुढून हलेना.

त्या सोमवारी तो चारलाच आला. अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, प्रेरणाला आपल्या आईकडं पाठवलं आणि अनितापुढं पुडा ठेवला. "काजूची चिक्की. तुला आवडती ना?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कुणी पाठवली?"

तो उठून बाहेर गेला. अर्ध्या तासानं ओट्यावर बसला तो घामानं निथळत. डावा हात उचलेना.

शेजाऱ्यांच्या जीपमधून अनिता आणि सासू लीलाबाईंनी त्याला हायवेवरच्या दवाखान्यात नेलं. वाटेत त्याच्या खिशातून आधारकार्ड काढताना तीच पट्टी अनिताच्या हाती आली. आता एकच गोळी उरली होती.

डॉक्टरीणबाईंनी ईसीजीचा कागद पाहिला. नर्सनं जिभेखाली ठेवायची गोळी काढली. "एक सांगा," डॉक्टर म्हणाल्या, "संबंधासाठीची, ताकदीची गोळी घेतलीय का आज?"

गोरखनं आईकडं पाहिलं आणि मान हलवली. नाही.

"अवं, काय इचारता म्हातारीपुढं!" लीलाबाई कडाडल्या. "लेकराचा बाप हाये त्यो. असलं काय न्हाई आमच्यात!"

नर्सचा हात त्याच्या तोंडापाशी पोचला होता. अनितानं तिचं मनगट धरलं.

"थांबा. घेतलीय." तिनं पट्टी पुढं केली. "दोन होत्या. आता एकच हाये."

सासूनं तिच्याकडं असं पाहिलं, की जणू तिनं भर चावडीत नवऱ्याचं धोतर फेडलं. पण ती गोळी परत गेली, दुसरं औषध आलं आणि त्याला आत नेलं.

अँजिओप्लास्टी झाल्यावर डॉक्टरांनी अनिताला एकटीला बसवलं. "दोन्ही गोळ्या एकत्र गेल्या असत्या, तर बीपी एकदम कोसळलं असतं. बोललात ते बरं केलंत." मग विचारलं, "हा ताठरतेचा त्रास किती दिवस?"

"दोन वरसं."

"तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून बारीक असतात. चरबी साचायला लागली, की पुष्कळदा आधी तिथं रक्त कमी पडतं, मग छातीत. प्रत्येकाचं तसंच असतं असं नाही. पण अडतीस वर्षांचा, तंबाखू खाणारा माणूस असं सांगत आला, तर आम्ही आधी हृदय तपासतो. तेव्हाच आला असता, तर कदाचित नुसत्या औषधांवर भागलं असतं. आता हृदयाचा थोडा भाग निकामी झालाय."

अनिता खिडकीबाहेर बघत राहिली. समोरच्या रस्त्यावरून शिरगावच्या रिक्षा जात होत्या. दर गुरुवारी ती ह्याच दारावरून गेली होती, मांडीवर नारळ धरून.

संध्याकाळी पाच मिनिटं आत सोडलं. तो नळ्यांमध्ये पडला होता.

"आई चिडलीय?"

"व्हय."

तो छताकडं बघत म्हणाला, "पाहुण्यांच्या कपाटात ऱ्हायल्या व्हत्या. दोनदा खाऊन घरी आलतो. तू पाठ करून झोपलीवतीस. उठवायचा धीर न्हाई झाला."

"मला वाटलं, कुनी बाई हाये."

"बाई?" त्याला हसू आलं, पण छातीनं हसू दिलं नाही. "अगं, मला दोन जिनं चडवत नव्हतं."

तिनं त्याचा हात हातात घेतला. दोन वर्षांत पहिल्यांदा. हात गार होता आणि तिच्या आठवणीपेक्षा हलका. नर्स वेळ झाल्याचं सांगायला आली.

"चिक्की खाल्लीस?" त्यानं विचारलं.

पुडा घरी, निवडायच्या तांदळाशेजारी तसाच पडला होता.

"न्हाई," ती म्हणाली. "मलाच आणलीवती, व्हय ना?"