ताटाची चार पानं

योरुनची लिहायची रीत अख्ख्या गावाला तोंडपाठ होती. सकाळी सहाला उठायचं, काळी कॉफी करायची, खाडीकडच्या खिडकीशी टेबलावर बसायचं आणि पेनाला हात लावण्याआधी अर्धा तास प्रार्थना करायची. त्या वेळात तिला फोन करायची कुणाची छाती नव्हती. पोस्टमनसुद्धा मोठं पाकीट असलं तरी दार न वाजवता पायरीवर ठेवून जायचा.

प्रार्थनेची एक वही होती. दर मंगळवारी गावच्या प्रार्थनाघरात बायकांचं मिशन मंडळ भरे. मोजे विणायचे, साच्यातले गोड वाफल खायचे, चार घरच्या चौकशा करायच्या, आणि उठायच्या आधी एकेकीनं आपली विनंती सांगायची. कुणाच्या नवऱ्याचा गुडघा, कुणाच्या नातीची परीक्षा, कुणाची सून रुसलेली. योरुन घरी आली की ती नावं वहीत उतरवायची आणि रोज सकाळी एकेकासाठी प्रार्थना करून नावापुढे बारीक खूण करायची. अशा तेवीस वह्या भरल्या होत्या, आणि नऊ कादंबऱ्या.

"माझं लिहिणं हीसुद्धा माझी प्रार्थनाच आहे," असं तिनं एकदा प्रार्थनाघरातच भाषणात सांगितलं होतं. बायकांनी माना डोलावल्या. ऐकायला छानच वाटतं हो! पण वाक्य छान वाटलं की माणूस ते तपासून बघत नाही, आणि लेखक तर मुळीच बघत नाही.

दहाव्या कादंबरीची शेवटची प्रुफं मार्चमध्ये आली. शुक्रवारपर्यंत परत धाडायची होती. सोमवारी ऑस्लोहून संपादकबाईंचा फोन आला. "योरुन, ते ताटाचं प्रकरण! मी ऑफिसात बसून रडले हो. अख्खं पुस्तक त्या चार पानांवर उभं आहे." योरुनला आनंद झाला, का होऊ नये? इतकी वर्षं घासल्यावर असं कुणी म्हणतं तेव्हा बरंच वाटतं.

त्या प्रकरणात एक आई होती. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी नवरा लाकडं आणायला बाहेर गेला की ती टेबलावर एक ताट जास्तीचं मांडते, घर सोडून गेलेल्या मुलाचं. नवऱ्याची पावलं वाजली की उचलून ठेवते. एका वर्षी उचलायचं राहतं, दार उघडतं, आणि दारात मुलगा उभा असतो.

मंगळवारी सकाळी प्रुफं वाचताना योरुन एका ओळीशी थबकली. निळ्या काठाचं ताट, काठाचा टवका उडालेला. हे ताट आपण पाहिलंय. पाहिलंय कसलं, त्यात जेवलोय! ते मागनहिल्डच्या घरचं ताट होतं.

मागनहिल्ड तिची शाळेपासूनची मैत्रीण. तिचा मुलगा एंद्रे बायकोला सोडून दुसरीबरोबर राहायला गेला, तेव्हा मागनहिल्डनं त्याला दारातच सुनावलं होतं, "पश्चात्ताप केल्याशिवाय या उंबऱ्यात पाय ठेवू नकोस." पोरगं आईवर गेलेलं, तितकंच हट्टी. सहा वर्षं फिरकलं नव्हतं. आणि चार वर्षांपूर्वी, प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत, दोघी खुर्च्यांवर कोपरं टेकून गुडघ्यांवर बसल्या असताना मागनहिल्डच्या तोंडून प्रार्थनेतच ते ताटाचं निघून गेलं होतं. नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं ते.

आता म्हणाल, लिहिताना हे आठवलं कसं नाही? नाही आठवलं. योरुनला तेव्हा वाटलं होतं, हे आपल्याला प्रार्थनेत सुचलं. टेबलावर डोळे मिटले आणि ताट दिसलं. सुचवणाऱ्याचे तिनं आभारसुद्धा मानले होते!

संध्याकाळच्या मंडळापर्यंत थांबायचा धीर तिला नव्हता. चार पानं पिशवीत घातली, वर वही टाकली आणि ती चढ चढून मागनहिल्डकडे गेली. नवरा होडी घेऊन गेला होता. मागनहिल्ड मंडळासाठी वाफलचं पीठ भिजवत होती.

"काय गं, सकाळी सकाळी? टेबल मोडलं की काय तुझं?"

"बस जरा. हे वाच."

"माझा चष्मा—"

"डोक्यावर आहे तुझ्या."

मागनहिल्डनं पिठाचे हात पुसले आणि वाचलं. सावकाश वाचलं. तिसऱ्या पानावर तिचे ओठ घट्ट मिटले. चौथं वाचून झाल्यावर तिनं पानं एकावर एक नीट रचली.

"चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली.

"मागनहिल्ड, मी मुद्दाम नाही गं—"

"मुद्दाम नाही हे मलाही कळतं. पण ते मी देवाला सांगितलं होतं. तू नुसती शेजारी बसली होतीस."

योरुनला कानफटात बसल्यासारखं झालं. तिनं पिशवीतून लाल पेन काढलं आणि तिथेच, पिठाच्या भांड्याशेजारी, चारही पानांवर आडव्या रेघा मारल्या. पुस्तकाचा कणाच ती काढत होती, आणि शुक्रवारपर्यंत त्या जागी घालायला तिच्याकडे काही म्हणजे काहीच नव्हतं. संपादकबाई काय बोलतील तेही तिला आत्ताच ऐकू येत होतं. तरी रेघा मारल्या, आणि मारल्यावर हलकंही वाटलं. चला, चूक कबूल केली, भरपाई केली, सुटलो.

"राहू दे गं," मागनहिल्ड म्हणाली. तिनं कॉफी ओतली. "मला त्या पानांचं एवढं नाही वाटत. नाव माझं नाहीये त्यात. फक्त एक सांग. एंद्रेचं नाव रोज घेतेस ना अजून?"

योरुन पेनाचं टोपण शोधू लागली.

"कारण मी त्याच भरवशावर आहे बघ. माझ्याकडून होत नाही आता. तीन वर्षं झाली. गुडघे टेकते, तोंड उघडत नाही. मंडळात बसते, आमेन म्हणते, बस. कुणाला कळलेलं नाही. मी म्हणते, योरुन करतेय ना रोज सकाळी, ती काही चुकवायची नाही. तेवढ्यावर झोप लागते मला."

वही पिशवीत होती. उघडायची गरज नव्हती, तरी योरुननं उघडली. एंद्रेच्या नावापुढे खुणांची रांग होती, एकही दिवस न चुकता, चार नोव्हेंबरपर्यंत. पुढे पान कोरं. चार नोव्हेंबरला तिनं ते प्रकरण लिहायला घेतलं होतं. पुस्तकातला मुलगा घरी आला आणि खरा एंद्रे तिच्या डोक्यातून उतरला, इतकं सरळ होतं ते.

घेते की, रोज घेते, असं म्हणायला कितीसा वेळ लागतो? जिभेवर आलंही होतं.

"नोव्हेंबरपासून नाही घेतलं," योरुन म्हणाली.

मागनहिल्डनं वही स्वतःकडे ओढली आणि त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. "म्हणजे हिवाळाभर कुणीच नव्हतं त्याला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर योरुनला सोसलं असतं.

"मला हाकलून दे, मी जाते."

"जातेस कुठे? आधी त्याचं नाव घे. माझ्यासमोर घे."

दोघींनी खुर्च्या फिरवल्या आणि गुडघे टेकले. साठीच्या पुढचे गुडघे, कुरकुरले. योरुननं डोळे मिटले. "हे दयाघन पित्या, दूरदेशी गेलेल्या तुझ्या लेकराकडे..."

"असं नको," मागनहिल्ड म्हणाली. "पुस्तकातलं नको मला."

योरुन थांबली. नऊ कादंबऱ्या लिहिलेल्या बाईला एक साधं वाक्य जमेना. शेवटी ती म्हणाली, "प्रभू, एंद्रेला घरी आण." पुढे काही सुचलं नाही, आणि तिनं सुचवूनही घेतलं नाही. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. आमेन म्हणावं की नाही, तिला कळेना.

शेजारून खुर्ची करकरली. मागनहिल्डनं खाकरून घसा मोकळा केला.

"आणि प्रभू, त्याला सांग," ती म्हणाली, "आईचं चुकलं."

योरुन आमेन म्हणाली.