वच्छलाबाईच्या सदऱ्याचे माप

मी एक जुनी टेप आहे. शिवणकामाची, साठ इंचांची, एके काळी पिवळीधमक. परभणीच्या एका दुकानातून मंजुषाताईने मला घेतले, तेव्हापासून मी वालूरला तिच्या गळ्यात आहे. नऊ वर्षे झाली. माझा पहिल्या इंचाचा आकडा पुसला गेला आहे, एका टोकाची पत्र्याची पट्टी गळून पडली आहे. तरी माझे माप चुकत नाही. मित्रांनो, ही बढाई नाही. पुढचे समजायला हे ठाऊक असलेले बरे.

वच्छलाबाई दरवर्षी दसऱ्याआधी मंजुषाताईच्या शिवणाच्या दुकानात यायची. मग ती नवऱ्याबरोबर गंगाखेडकडे ऊसतोडीला जायची. उसाच्या पात्याने अंग कापते म्हणून फडात बाया साडीवर नवऱ्याचा जुना सदरा चढवतात. वच्छलाबाई स्वतःच्या मापाचा शिवून घ्यायची.

"मालकाचा सदरा घातला की मुकादम लांबून मालक समजून मलाच शिव्या घालतोय," ती म्हणायची आणि दुकान हसायचे.

तीन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला तिचा दंड भरला साडेदहा इंच, पोट बत्तीस. पुढच्या दसऱ्याला दंड साडेनऊ, पोट छत्तीस. मंजुषाताईने आकडे वहीत लिहिले आणि ती हसून म्हणाली, "काकू, कारखान्याची साखर लय खाल्ली का काय?"

"कशाची साखर, माय! दोन घास खाल्ले की पोट टम्म. गॅस धरलाय."

"दाखवलं का कुठं?"

"काय दाखवू? पिशवी काढून सात वर्षं झाली. आता तिथं बिघडायला हाय काय?"

मंजुषाताईने मान डोलावली. पिशवी म्हणजे गर्भाशय. पाळीच्या दिवसांत काम बुडते आणि खाडा पडला की मुकादम दंड लावतो, म्हणून वच्छलाबाईने ती पस्तिशीत काढून घेतली होती. तिच्या टोळीतल्या आणखी चौघींनीही. पिशवी गेली म्हणजे बाईचे सगळे दुखणे गेले, असे सारी गल्ली मानत होती.

मी मात्र खरे सांगितले होते. अंगाने भरणाऱ्या बाईचा दंडही भरतो. इथे दंड उतरत होता आणि पोट वाढत होते. मागच्या वर्षीचा आकडा त्याच वहीत होता. पान कोणी उलटले नाही.

गुढीपाडव्यानंतर ती फडावरून परत आली. एका हातात पोलके, दुसऱ्या हातात परकर.

"पोलकं आत घे, मंजे. परकर सैल कर."

मी तिच्या पोटाभोवती फिरले. एक्केचाळीस. मंजुषाताईने तेव्हा वहीची मागची पाने उलटली. त्या दिवशी तिने थट्टा केली नाही. दुसऱ्या दिवशी ती वच्छलाबाईला एसटीत घालून परभणीला घेऊन गेली. सोनोग्राफी झाली, रक्त तपासले. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले, "पिशवी काढली होती. अंडाशय आतच होते. कर्करोग त्या अंडाशयांचा दिसतोय. मोठ्या दवाखान्यात न्या, उशीर करू नका."

शस्त्रक्रिया सरकारी योजनेत बसत होती. जाणे-येणे, महिना-दोन महिने शहरात राहणे, बाहेरची औषधे बसत नव्हती. बचत गटाच्या बायांनी वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवल्या आणि बाजारात विकल्या. दहा दिवसांत पुरेसे पैसे जमले. माणसे किती चांगली असू शकतात, हे मी त्या दहा दिवसांत पाहिले.

मग तालुक्याच्या एका पुढाऱ्याला ही बातमी कळली. मीही भर घालतो, पण निधी जाहीर कार्यक्रमातच द्या, जनजागृतीही होईल, असा निरोप आला. तारीख ठरली मे महिन्यातल्या अंडाशय कर्करोग दिनाची. त्या दिवशी साहेबांना एका लग्नाला जायचे होते. दुसऱ्या तारखेला दौरा निघाला. तिसऱ्या तारखेला फलकावरचा त्यांचा फोटो लहान आला, म्हणून फलक परत छापायला गेला.

"आधी तिला जाऊ द्या. कार्यक्रम मागून करा," मंजुषाताई म्हणाली.

"साहेबाचा वाटा मोठा हाय. नाराज कशाला करायचं?" गटाच्या अध्यक्ष म्हणाल्या.

दोन महिने गेले. जूनच्या अखेरीस मांडव उभा राहिला. साहेब चाळीस मिनिटे बोलले. अंडाशय हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. 'माता-भगिनींचे आजार' म्हणत राहिले. वच्छलाबाई खुर्चीत पोटावर हात धरून बसली होती. पाकीट हातात पडल्यावर तिने माइक मागितला नाही, ओढून घेतला.

"बायांनो, माजी पिशवी काढलेली हाय. तरी झालं. पोट फुगलं तर गॅस म्हनू नका."

कोणीतरी खाली बसण्याची खूण केली. टाळ्या पडल्या. त्या कार्यक्रमात जनजागृती झाली ती एवढीच.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कागदांवरची तारीख पाहिली आणि विचारले, "दोन महिने कुठे होतात?" तिचा नवरा आप्पाराव याने हे नंतर दुकानात येऊन सांगितले. तोवर रोग आतड्यांपर्यंत गेला होता. श्रावणात वच्छलाबाई गेली. तिला कार्यक्रमात दिलेली शाल घडी न मोडता ट्रंकेत आहे.

परवा तिची सून पिंकी दुकानात आली. हातात सासूचा तोच सदरा. यंदा ती पहिल्यांदाच तोडीला जाणार आहे.

"आत घेऊन दे, ताई. अन् एक इचारू? आत्याबाईची पिशवी कोन्या डॉक्टरनं काढली व्हती? मुकादम म्हनला, काढून घे, खाडे पडत न्हाईत."

पिंकी चोवीस वर्षांची आहे. मशीनवरचा मंजुषाताईचा पाय थांबला.

"बस खाली," ती म्हणाली. "सदरा मागून बघू."

तिने वही उघडली. बत्तीस, छत्तीस, एक्केचाळीस. एकेका आकड्यावर बोट ठेवून तिने पिंकीला सगळे सांगितले. पोट फुगलेले राहते, दोन घासांत भरते, ओटीपोट दुखते, सारखे लघवीला होते. असे दोन-तीन आठवडे टिकले, तर पिशवी असो वा नसो, दवाखाना गाठायचा. पिंकी ऐकत होती. पटले की नाही, मला कळले नाही. मुकादम बोलतो रोज, मंजुषाताई बोलली एकदा.

मग तिने मला पिंकीच्या पोटाभोवती धरले. अठ्ठावीस. तो आकडा सासूच्याच पानावर लिहिला गेला.

मित्रांनो, मी झिजले आहे. लवकरच नवी टेप येईल आणि मी खिळ्यावर जाईन. त्याचे दुःख नाही. तीही खरेच माप सांगेल. घरातल्या बाईचे पोलके सैल आणि परकर घट्ट होऊ लागला, तर हसू नका. मागचे पान उलटून बघा, आणि तिला त्याच आठवड्यात दवाखान्यात न्या. मांडवाची वाट बघू नका.