जुलै वगळून

जुलै आला की कुंभिवलीच्या आमच्या पेपर मिलमधली निम्मी माणसं गायब व्हायची. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, असते. मी स्वतः कडावचा. मिलमध्ये माल रवाना करण्याचं काम बघायचो, पण आवणीचे दिवस शेतातच काढायचो, बिनपगारी. मालकांनी कधी कुरकुर केली नाही. त्यांचाही पगार वाचायचा. तेवढे दिवस मशीन रडतखडत चालायचं, आणि चालायचं ते ज्यांना शेत नाही त्यांच्या जिवावर. त्यातले पहिले म्हणजे बॉयलरवरचे काळूरामकाका. ना जमीन, ना आवणीची रजा. "तुमी चिखलात, आमी धुरात," असं म्हणून ते स्वतःच हसायचे.

त्यांची मुलगी जागृती आमच्याच ऑफिसात हिशेब बघायची. एम.कॉम. झालेली आणि जिभेला हाड नसलेली. माझ्या चलनांवरच्या बेरजा तपासून विचारायची, "प्रवीणदादा, शाळेत गेला होतात ना?" राग यायचा, पण पोरगी लाख माणूस होती.

गेल्या डिसेंबरात धाकट्या शेठनी खर्चाचा हिशेब मांडायला मुंबईहून सुरभी मॅडमना बोलावलं. ऑर्डरी निम्म्यावर आल्या होत्या. शेजारची जमीन गोडाऊनवाल्यांनी घेतल्यापासून कुणी ना कुणी गाडीतून उतरून आमच्या कुंपणाकडे बघत उभं राहायचं. निम्म्या मालावर मिल चालेल का, एवढंच शेठना हवं होतं. त्यासाठी मॅडमनी सगळा खर्च दोन ढिगांत टाकायला घेतला. माल निघो न निघो, जो होतोच तो स्थिर. मालाबरोबर वाढतो-घटतो तो बदलता. शेडचा कर स्थिर, रद्दी बदलती. इथपर्यंत माझ्याही डोक्यात शिरलं.

मजुरी कुठे टाकायची, हा वांधा होता. मॅडमनी सगळ्यात जास्त मालाचा महिना घेतला आणि सगळ्यात कमी मालाचा. मार्च आणि जुलै. मालात फरक किती, मजुरीत फरक किती, हे पाहिलं. जुलैत माल उतरला तशी मजुरीही उतरलेली. म्हणजे मजुरी मालाबरोबर हलते, असा अर्थ निघाला. निम्मा माल, निम्मी मजुरी. शेठ खूश झाले. महिन्याचा पगार बंद करायचा, सगळ्यांना टनावर पैसे द्यायचे आणि मिल चालू ठेवायची, असं ठरत आलं.

जागृती तो कागद घेऊन तरातरा माझ्याकडे आली.

"दादा, जुलैत मजुरी का उतरते?"

"आवणी असते म्हणून. शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

"मॅडमना माहीत नाही. त्यांना वाटतंय माल कमी म्हणून माणसं कमी. इथे माणसं कमी म्हणून माल कमी असतो."

"मग राहू दे की. टनावर तर टनावर. मिल चालेल."

ती भडकलीच. "आणि बाबा? ते जुलैतही रोज येतात. माल निम्मा काढला म्हणून बॉयलरपाशी अर्धा माणूस चालतो का? त्यांना पूर्ण दिवस उभं करणार आणि पैसे अर्धे देणार. माझ्या बापाला यांनी रद्दीच्या ढिगात टाकलंय, दादा."

 

दुसऱ्या दिवशी मी चलनं द्यायला ऑफिसात गेलो, तेव्हा ती मॅडमना हेच सांगत होती. मॅडम काही मूर्ख नव्हत्या, आणि अडूनही बसल्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. जुलै वगळायला हवा." मग त्यांनी जुलैऐवजी नोव्हेंबर घेतला, दिवाळीचा. तेव्हा माल बराच उतरला होता, पण मजुरी जवळपास तेवढीच होती. मजुरीचा अख्खा ढीग बदलत्यातून स्थिरात गेला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "जागृती, आता हे काय म्हणतंय, कळतंय ना तुला? निम्म्या मालावर मिल तोट्यात. पूर्ण मालावरही जेमतेम."

"कळतंय."

"मी शेठना हेच सांगणार. चूक कळल्यावर मला जुनं मांडता येणार नाही."

"मांडूच नका," जागृती म्हणाली. "कळू दे त्यांना. माणसं म्हणजे मिलचा पाया आहेत, वरची माती नाही."

मला तिचा अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू? आता शेठ आणखी ऑर्डरी शोधतील, माणसांची किंमत करतील, असं तिला वाटत होतं. त्या घटकेला मलाही तसंच वाटलं.

शेठनी चहा संपायच्या आत निकाल लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे माल कमी झाला तरी हा खर्च कमी होणार नाही?" मॅडम नाही म्हणाल्या. "मग चालवायची कशाला?" असं म्हणून त्यांनी गोडाऊनवाल्याला फोन लावला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय!

कायद्याने जे द्यायचं ते शेठनी सगळ्यांना दिलं, त्यात खोट नाही. माझ्यासारख्यांना निदान वर्षाचा तांदूळ घरचा. काळूरामकाकांना या वयात कोण बॉयलरवर घेणार? खोपोलीला दोन ठिकाणी विचारून आले. दोघांनी वय विचारलं आणि पाणी दिलं.

जानेवारीच्या शेवटी बॉयलर थंड झाला. भट्टीतली राख काकांनीच ओढली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. फाटकापाशी जागृती स्कूटी घेऊन त्यांची वाट बघत होती. जुलैची गोष्ट तोवर सगळ्यांना कळली होती. माणसं तिच्या बाजूने जात होती, पण तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. तिच्याबरोबर लहानपणी खेळलेला रत्नदीपसुद्धा मान फिरवून गेला. मला राहवलं नाही, मी तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो.

काका हात धुऊन आले. "बसा ना बाबा," ती म्हणाली. ते बसले नाहीत.

"बाबा, ते तुम्हाला अर्ध्या पैशात दिवसभर उभं करणार होते. मी कसं बघत बसायचं?"

"अर्ध्यात उभा ऱ्हायलो असतो गं."

"अहो, पण ते चूक होतं. तुमच्यावर अन्याय होता."

"व्हता ना. मी कुटं नाय म्हनतो? तुजा हिशेब बरोबर हाय." काकांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "पन उभं मला ऱ्हायचं व्हतं. मला इचारलंस का एकदा तरी?"

जागृतीने माझ्याकडे पाहिलं. विचारायचं तर मलाही सुचलं नव्हतं.

काका हायवेच्या कडेने घराकडे चालू लागले. ती स्कूटी सुरू न करता, तशीच ढकलत, त्यांच्या मागे चालत राहिली.