रडणारं झाड

फाटकापासून झाडापर्यंत रांग लागली होती आणि प्रत्येकाच्या हातात काही ना काही होतं. कुणाकडे वाटी, कुणाकडे डबा, एकाकडे तर नुसतं बाटलीचं झाकण. आभाळात ढगाचा पत्ता नाही, आणि मुलांच्या निसर्ग शिबिरातल्या त्या झाडातून भर उन्हात टपटप पाणी गळत होतं!

"झाडआई रडतेय!" झाडाखाली उभा, स्वतःला वृक्षयोगी म्हणवणारा बाबा गरजला. "तुमची दुःखं ऐकून रडतेय! चष्मा जाईल, मुतखडा जाईल, गणिताची भीती जाईल! फक्त शंका घेऊ नका. शंका घेतली की अश्रू आटतात."

त्याने डोळे मिटून हातातली काठी खालच्या फांदीला टेकवली. चार थेंबांच्या जागी चाळीस पडले. माणसांनी हात जोडले.

शिबिराची ताई मागे उभी राहून हे बघत होती आणि तिला स्वतःचीच चीड येत होती. कारण हे खूळ तिनेच जन्माला घातलं होतं. गेल्या उन्हाळ्यात पालकांनी लिहून दिलं होतं, 'मुलांना नुसती पानं मोजायला लावतात, मजा नाही.' शिबिर सुधारायचं म्हणून तिने यंदा नवा खेळ काढला. प्रत्येकाने एक झाड निवडायचं, दहा मिनिटं त्याला मनातलं सांगायचं आणि मग वहीत लिहायचं. दुसऱ्याच दिवशी एक मुलगी आपल्या मेलेल्या कुत्र्याबद्दल सांगत असताना तिच्या गालावर वरून थेंब पडला. "ताई, झाड रडलं!" पोरीचा चेहरा असा उजळला होता की ताई म्हणून गेली, "हो गं, त्याला कळलं असेल." वर चढून बघावं असं मनात आलं होतं. पण जेवणाची घंटा झाली, आणि राहिलं ते राहिलंच.

आठवड्याभरात गोष्ट गावभर झाली आणि हा योगी कुठून तरी उगवला. ताई संचालकांकडे गेली.

"सर, निदान थेंब कसले ते तरी बघू द्या."

"अहो ताई, पुढच्या वर्षीच्या सगळ्या जागा आत्ताच भरल्यात! सुधारणा सुधारणा म्हणून तुम्हीच डोकं खात होतात ना? मग झाली की सुधारणा."

गर्दी आवरण्याच्या नादात मुलांच्या वह्या तपासायच्या राहून गेल्या. सगळे जिला 'मोजपट्टी' म्हणत ती मुलगी दोन दिवस आली नाही, तेव्हा कुठे ताईने तिची वही उघडली. नऊ वर्षांची ही पोर दिसेल ते मोजायची, म्हणून तिचं हे नाव पडलं होतं. डोळा आल्यामुळे तिला डॉक्टरांचं औषध चालू होतं, तरी तिने लिहिलं होतं:

'सकाळी आठ वाजता मिनिटाला तीन थेंब. अकराला एकोणीस. दुःखाची गोष्ट सांगितली तरी एकोणीस, पाढे म्हटले तरी एकोणीस. पांढरा फेस आहे त्याच फांदीखाली पडतात. फेसात कोण आहे?'

खाली पाच दिवसांपूर्वीची तारीख होती. ताईने लगेच मोजपट्टीच्या आईला फोन लावला.

"डोळा फार सुजलाय हो," शिवणाच्या मशीनवरून आई म्हणाली. "पण मी रोज झाडाचे अश्रू घालतेय. योगी म्हणाले, दोन्ही औषधं एकत्र चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांचं बंद केलं."

"अहो, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या तिला! मी येतेच."

फोन ठेवून ताईने शिडी ओढली, फेस असलेली डहाळी कापली आणि पांढऱ्या ताटलीत ठेवून रांगेसमोर धरली. फेस बाजूला केला तसे आतले इवलेसे किडे वळवळले.

"हे किडे दिवसभर झाडाचा रस पितात आणि त्यातलं पाणी मागच्या बाजूने सोडतात. ऊन चढलं की जास्त. ते पानांवर साठतं, धक्का लागला की पडतं." तिने झाडूचा दांडा फांदीला टेकवला. चाळीस थेंब पडले. "हा झाला चमत्कार."

"म्हणजे... किड्यांचं मूत?" कुणीतरी फिस्सकन हसलं. एका आजोबांनी वाटी ओतून टाकली.

योग्याची पापणीसुद्धा हलली नाही. "बघा तिची माया! केवढ्याशा जिवांच्या देहातून औषध पाठवते!"

रांगेने सुटकेचा निःश्वास सोडला आणि एक पाऊल पुढे सरकली. ताई ताटली धरून उभीच राहिली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "बुबुळावर जखम झालीय. व्रण राहणार. किती दिसेल ते महिन्याभराने सांगता येईल."

आई रडत नव्हती. ती एवढंच म्हणाली, "ताई, झाडाला कळतं असं तुम्हीच पोरांना सांगितलं होतं. मी योग्यावर नाही, तुमच्यावर विश्वास ठेवला."



डोळ्याला पट्टी बांधलेली मोजपट्टी खाटेवरून म्हणाली, "ताई, फेसात कोण होतं?"

"किडे होते गं. तुझा प्रश्न बरोबर होता. मीच वाचला नाही."

"किती होते?"

ताईने मोजले नव्हते.

कुणी ढगाविना पाणी दाखवलं, तर हात जोडायच्या आधी मान वर करा. दिसलं नाही तर शिडी लावा, आणि शंका घेऊ नका म्हणणाऱ्याची शंका सगळ्यांत आधी घ्या. याला पाच मिनिटं लागतात. त्या दिवशी जेवणाची घंटा झाली तेव्हा ताईकडे ती पाच मिनिटं होती.