चौदा जणांतला एक

सरकारी मोजणीवालीने इस्त्रीवाल्याच्या दुकानाची पाटी वाचून टॅबवर बोट टेकवलं, तेवढ्यात फ्रेमवाल्याची बायको रस्ता ओलांडून धावत आली आणि तिने मोजणीवालीचं मनगटच धरलं.

"ताई, पुढचं दुकान आमचं. आधी माझं ऐका, मग पायरी चढा."

मोजणीवाली दचकली. सकाळपासून कुणी तिला पाणी विचारलं होतं, कुणी करवाली समजून मागच्या दाराने पसार झालं होतं. हात कुणी धरला नव्हता.

"काय झालं, काकू?"

"तुम्ही लिहून घेता ना, कुठला धंदा चालू, कुठला बंद, कुठला नवा निघाला? आमचा बंद आहे. खुशाल बंद लिहा. पण त्यांच्या तोंडावर तो शब्द काढू नका. चालू असल्यासारखं सगळं विचारा. कामाला माणसं किती, गिऱ्हाईक किती, सगळं."

"मला खोटं लिहिता येत नाही."

"लिहू नकाच. नुसतं विचारा."

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली. "विचारा हो बाई," तो आवाज खाली आणून म्हणाला. "मागच्या महिन्यात भरदुपारी ह्यांच्या मालकांनी शटर आतून ओढून घेतलं होतं. आम्ही पहारीने उचकटलं. जरा उशीर झाला असता तर..."

पुढचं त्याने गिळलं. फ्रेमवाल्याची बायको पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली, जसं काही त्यातून अजून पाणी निघायचं होतं.

त्या दिवसापासून, कामाची वेळ सोडली तर, तिने नवऱ्याला नजरेआड होऊ दिलं नव्हतं. पहाटे दोन कचेऱ्यांच्या फरशा पुसून ती धापा टाकत परत यायची ती थेट दुकानात. आणि त्या फरशांचे पैसे गुपचूप गल्लीत फिरायचे. इस्त्रीवाल्याने जुन्या कॅलेंडरातलं हरीण फ्रेम करून घेतलं. शिंपिणीने नवऱ्याचा फोटो मढवून घेतला, तोही चांगल्या हिंडत्याफिरत्या नवऱ्याचा, त्यामुळे तिच्या घरी आठवडाभर अबोला होता. एकाने तर दुकानभाड्याची पावतीच काचेत बसवली. मढवण्यासारखं आता गल्लीत काही उरलं नव्हतं.

मोजणीवालीने मान हलवली आणि ती पायरी चढली.

आत भिंतभर नमुन्याच्या रिकाम्या चौकटी टांगल्या होत्या. सोनेरी, काळ्या, नक्षीच्या, साध्या. प्रत्येकीतून मागच्या भिंतीचा तोच पोपडा बाहेर बघत होता. फ्रेमवाला काच कापायची कलम फडक्याने पुसत बसला होता. त्याने स्टूल पुढे सरकवलं.

"कामाला किती माणसं, काका?"

"दोघं. मी आणि ही. पगार दोघांनाही नाही, म्हणून भांडण नाही."

बायको जरा जास्तच मोठ्याने हसली.

"दिवसाला गिऱ्हाईक?"

त्याने बायकोकडे पाहिलं. "एखाददुसरं येतं."

"पुढच्या वर्षी धंदा वाढवायचा विचार?"

फडकं थांबलं. "ताई, तुम्ही एक प्रश्न गाळलात."

"कुठला?"

"मागच्या खेपेला एक साहेब आले होते. त्यांनी आल्या आल्या विचारलं, दुकान चालू आहे का? सुरुवात तिथूनच असते ना?"

"अहो, ते दिसतंच आहे की!" बायको मध्येच बोलली. "उगाच काय त्यांचा वेळ..."

"विचारू दे त्यांना."

मोजणीवालीने एकदा दोघांकडे पाहिलं. मग अगदी हळू विचारलं.

"बंद आहे," फ्रेमवाला म्हणाला. "लिहा. लोकांचे फोटो आता त्यांच्या खिशात असतात, भिंती कुणाला हव्यात? ही लोकांच्या हातावर पैसे ठेवते आणि लोक माझ्याकडे हरणं घेऊन येतात. मी मढवून देतो. नाही दिलं तर हिचं तोंड उतरतं."

बायको उठली, त्याच्याजवळ गेली आणि कलम धरलेल्या त्याच्या मुठीवर तिने आपले दोन्ही हात झाकण घातल्यासारखे ठेवले. त्याने मूठ सोडवून घेतली नाही.

"ताई, माझ्यासारखं आणखी कुणी बंद केलं का हो? फ्रेमवाल्यांपैकी?"

"एकेकाचं सांगायची परवानगी नाही काका. बेरीज सांगते." तिने बोट वर सरकवलं. "या भागात चौदा फ्रेमवाले नोंदलेले होते. आता तीन चालू आहेत."

"आणि नवीन?"

"एकही नाही."

तो मोकळ्या हाताची बोटं अंगठ्याने मोजू लागला. "बाजारातले ते दोघे भाऊ, ते तगले असणार. दवाखान्याजवळचा तो यंत्रावर फ्रेम कापणारा, तिसरा. म्हणजे..." अंगठा थांबला. "म्हणजे टकल्याचंही गेलं?"

टकल्या आणि तो एकाच उस्तादाच्या हाताखाली काच कापायला शिकले होते. एका मोठ्या कामावरून फाटलं, त्याला बारा वर्षं झाली. अलीकडे तर टकल्या दुसरं दुकान काढणार म्हणून गावभर मिरवत होता, आणि ते ऐकल्यापासूनच ह्याच्या घशाखाली घास उतरेनासा झाला होता.

मोजणीवाली हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. टॅबचा उजेड मालवला होता, तरी ती त्या काळ्या काचेकडे बघत राहिली.

"मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं," फ्रेमवाला म्हणाला. तो हसतोय की रडतोय, हे बायकोला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळेना. "टकल्याची बायको वारली ना गं?"

"दोन वर्षं होतील."

"पोरगी लांब असते."

"हो."

तो उठला. खिळ्यावरचा शर्ट काढून घालू लागला. गुंडी वरच्या काजात गेली, ते त्याला कळलंही नाही.

"अहो, कुठे निघालात? बारा वर्षं तोंड बघितलं नाहीत एकमेकांचं, आता जाऊन बोलणार काय?"

"बोलायचं कशाला. बसू नुसते."

पायरीवर तो तिच्यासाठी थांबला. तिला घाईत चपलेचा अंगठा सापडत नव्हता.

"चल गं लवकर," तो म्हणाला. "या वेळेला तो एकटाच असतो."