मागचं दार

शंभू हवालदार निवृत्त झाले आणि आपल्या गावी, पार्शात, पंचायतीला उभे राहिले. पण मतं मागायची कुणाकडे? हयातभर त्यांनी काजूच्या दारूच्या चोरट्या भट्ट्या धरलेल्या. आता ते हात जोडून पुढच्या दारात गेले, की घरचे मागच्या दाराने पळत. एक जण तर थेट मोपाच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, जाऊन राहिला. तिथे त्याने मिरच्याही लावल्या.

"असा कसा निवडून येणार गे मी?" शंभू बायकोला म्हणाले.

देवकी म्हणाली, "धाडीला गेलात की काय करायचात?"

दुसऱ्या दिवशी देवकीने घरोघरी पुढचं दार वाजवलं. शंभू मागे माडाखाली थांबले. पळत आलेल्या प्रत्येकाकडे त्यांनी हात जोडून मत मागितलं. नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

शंभू निवडून आले. पहिल्या बैठकीला ते पंचायतीत पुढच्या दाराने शिरले, आणि बाकीचे पंच मागच्या दाराने बाहेर पडले.